चित्रकथालेखनातील उमेदवारी : सल्ला कोणाला विचारावा, काय विचारावा

प्रास्ताविक

मागील घटकात आपण आकाशवाणीसाठी लिहिल्या जाणाऱ्या संहितेचा विचार केला. तेथे सारे काही श्रोत्याच्या कानांवर सोपवावे लागते. चित्रकथेची अडचण वेगळी आहे. तेथे निम्मी गोष्ट चित्रच सांगून मोकळे होते आणि उरलेल्या निम्म्यात आपण काय लिहायचे, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो.

चित्रकथा, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘कॉमिक’ म्हणतो तो प्रकार, मराठी वाचकाला नवा नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि वेताळ, मँड्रेक ही पात्रे आपल्याकडील वाचकांच्या ओळखीची झाली. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ निघू लागली. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ रोजच्या वर्तमानपत्रातून घराघरांत पोहोचला. तरीही ‘तुमच्या आवडत्या चित्रकथेचा लेखक कोण?’ असे विचारले की बहुतेकांना थांबावे लागते. नायक आठवतो, फार तर चित्रकार आठवतो. लेखक पडद्यामागेच राहतो.

लेखक असा दिसेनासा असल्यामुळे या व्यवसायात शिरण्याची वाटही दिसेनाशी होते. संपर्कसत्रांत दरवर्षी कोणीतरी विचारते, ‘एखाद्या मोठ्या चित्रकथालेखकाची भेट मिळाली तर त्यांना नेमके काय विचारावे?’ विचारणारी व्यक्ती कधी बँकेत रोखपाल असते, कधी अंगणवाडी सेविका, कधी रात्रपाळी संपवून थेट अभ्यासकेंद्रावर आलेला कामगार. त्यांच्या मनात असलेला खरा प्रश्न बहुधा दुसराच असतो : ‘या वयात, घरसंसार सांभाळून, मला हे जमेल का?’ या दोन्ही प्रश्नांना एकाच उदाहरणाच्या आधारे सामोरे जाता येते. ते उदाहरण इंग्लंडमधील आहे. ‘वॉचमेन’ आणि ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या चित्रकथांमुळे जगभर नाव झालेला लेखक ॲलन मूर याच्या उमेदवारीच्या काळाचे ते उदाहरण आहे.

नॉर्दॅम्प्टनचा उमेदवार

ॲलन मूरचा जन्म १९५३ मध्ये नॉर्दॅम्प्टन या गावातील कामगारवस्तीत झाला. वडील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात कामाला, आई छापखान्यात. पौगंडावस्थेत त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले आणि त्याचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पुढे त्याने हॉटेलातील स्वच्छतागृहे साफ केली, कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम केले आणि अखेर गॅसपुरवठ्याशी संबंधित एका कंत्राटदाराच्या कचेरीत तो चिकटला. लग्न झाले होते, पहिले मूल होणार होते. अशा वेळी त्याने कचेरीतील नोकरी सोडून चित्रकथांवर पोट भरण्याचे ठरवले.

आरंभी तो लिहीत होता आणि चित्रेही स्वतःच काढत होता. ‘साउंड्स’ या संगीतविषयक साप्ताहिकात त्याची मालिका सुरू झाली, तिचे आठवड्याला ३५ पौंड मिळत. १९७९ मध्ये गावातल्या वर्तमानपत्रात ‘मॅक्सवेल द मॅजिक कॅट’ ही मांजराची चित्रपट्टी सुरू झाली, तिचे आठवड्याला १० पौंड. ही दोन्ही कामे त्याने टोपणनावांनी केली. एकदोन वर्षांतच त्याला एक गोष्ट उमगली : आपला हात चित्रकाराचा नाही. चित्रे हवी तितकी चांगली होत नव्हती आणि हव्या त्या वेगानेही होत नव्हती. तेव्हा त्याने चित्रे सोडून केवळ लेखन करायचे ठरवले.

येथे आपण थोडे थांबू. सल्ला मागायला जाण्यापूर्वीच या माणसाने स्वतःबद्दलचा एक कठीण निर्णय स्वतःच घेऊन टाकला होता. मी चित्रकार की लेखक, हा प्रश्न त्याने कोणापुढे ठेवला नाही. साप्ताहिकाच्या कामातूनच त्याला त्याचे उत्तर मिळाले होते. आपल्याकडे उमेदवार बहुधा नेमका हाच प्रश्न घेऊन थोरांच्या दारी जातात आणि थोर मंडळी सौजन्याने ‘लिहीत राहा’ असे म्हणतात. त्यातून दोघांचेही काही साधत नाही.

पहिला सल्ला : संहिता दिसते कशी?

ॲलनने ज्याला विचारले त्याचे नाव स्टीव्ह मूर. आडनाव एकच असले तरी दोघांचे काही नाते नव्हते. स्टीव्ह वयाने चार वर्षांनी मोठा. चित्रकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातून ॲलन चौदा वर्षांचा असल्यापासून दोघांची ओळख होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये चाहत्यांची पहिली नियतकालिके आणि पहिली संमेलने सुरू झाली, त्यांमागच्या तरुण मंडळींत स्टीव्ह होता. पुढे तो या व्यवसायातच स्थिरावला. म्हणजे ॲलनला लेखन शिकायचे होते तेव्हा समोरचा माणूस त्याच्या कौतुकाचा विषय होता, मित्र होता आणि जाणता व्यावसायिकही होता.

ॲलनने त्याला विचारले ते अगदी साधे, जवळजवळ कारकुनी स्वरूपाचे : यशस्वी चित्रकथेची संहिता लिहायची कशी असते? तुम्हाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु वाचकाच्या हाती छापील चित्रकथा येते, संहिता कधीच येत नाही. कादंबरी वाचून कादंबरीचे बाह्यरूप कळते, कवितेचेही कळते. चित्रकथा हजार वाचल्या तरी लेखकाने चित्रकाराला काय लिहून दिले होते हे कळत नाही. म्हणून येथे प्रेरणेपेक्षा नमुना दुर्मीळ असतो आणि नमुना जाणत्याकडूनच मिळतो.

संहितेची एक प्रचलित रीत अशी. प्रत्येक पानाचा क्रमांक, त्याखाली प्रत्येक चौकटीचा क्रमांक, मग त्या चौकटीत काय दिसावे याचे वर्णन, त्यानंतर निवेदनपट्टीतील मजकूर आणि शेवटी कोणते पात्र काय बोलते हे क्रमाने. चौकटीचे वर्णन वाचकासाठी नसते, ते केवळ चित्रकाराला उद्देशून लिहिलेले पत्र असते. संवाद मात्र जसेच्या तसे छापले जातात. एकाच कागदावर दोन वाचकांसाठी दोन प्रकारची भाषा लिहिण्याचा हा प्रकार आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात दुसरीही एक रीत रूढ झाली होती. तीत लेखक कथानकाचा आराखडा देई, चित्रकार पाने रेखाटी आणि मग लेखक त्यांत संवाद भरी. ॲलन मूर पहिल्या रीतीचा, तोही टोकाचा. ‘वॉचमेन’च्या पहिल्या एका अंकाची संहिता टंकलिखित शंभर पानांच्या आसपास भरली होती.

दुसरा सल्ला : नकार

संहितेची रीत समजल्यावर ॲलनने ‘२००० एडी’ या साप्ताहिकाकडे ‘जज ड्रेड’ या गाजलेल्या मालिकेसाठी एक संहिता पाठवली. ती छापली गेली नाही. ड्रेडच्या कथा जॉन वॅग्नर लिहीत होता आणि त्या मालिकेला दुसऱ्या लेखकाची गरज नव्हती. परंतु तेथील उपसंपादक ॲलन ग्रँट याला या उमेदवाराच्या लेखनात दम दिसला. त्याने सुचवले की ‘फ्युचर शॉक्स’ या सदरासाठी छोट्या स्वतंत्र कथा लिहून पाहा. आरंभीच्या काही कथा त्याने परत केल्या, मात्र परत करताना त्यांत काय सुधारावे हेही सांगितले. मग एक स्वीकारली आणि वाट मोकळी झाली. १९८० ते १९८४ या काळात ॲलनने त्या साप्ताहिकासाठी पन्नासहून अधिक स्वतंत्र कथा लिहिल्या. या सदराची सुरुवात १९७७ मध्ये स्टीव्ह मूरनेच केलेली होती, हा यातील एक लक्षणीय धागा. गुरूने रुळवलेल्या वाटेवरूनच शिष्य आत आला.

‘फ्युचर शॉक्स’ म्हणजे दोन ते पाच पानांत संपणारी, शेवटी कलाटणी घेणारी विज्ञानकथा. इतक्या थोड्या जागेत पात्र उभे करायचे, जग उभे करायचे आणि शेवटी दोन्ही उलटे करायचे. ॲलनला हवी होती मोठी मालिका, मिळाल्या चार-चार पानांच्या कथा. माझ्या मते त्याच्या साऱ्या उमेदवारीत याहून उपयोगी गोष्ट कोणती नव्हती. लांब मालिकेत ढिलाई खपून जाते, चार पानांत एकही चौकट वाया घालवता येत नाही. शिवाय पन्नास कथा म्हणजे पन्नास वेळा शेवट करण्याचा सराव. नवोदित लेखक आरंभ पुष्कळ करतात, शेवट फार थोडे करतात.

मित्राचा सल्ला आणि संपादकाचा नकार यांतला फरकही ध्यानात घ्यावा. मित्र तुमच्या लेखनाकडे पाहतो, संपादक आपल्या अंकातील रिकाम्या जागेकडे पाहतो. ‘ड्रेड नको, हे लिहा’ हे वाक्य कानांना नकारासारखे लागले तरी त्यात मागणी दडलेली होती, आणि ॲलनने ती ओळखली.

तिसरा सल्ला : चित्रकाराचा

१९८२ मध्ये ‘वॉरियर’ या मासिकात ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ सुरू झाली. चित्रकार होता डेव्हिड लॉइड. या कथेतील मुखवटाधारी नायकाला गाय फॉक्सचे, म्हणजे १६०५ मध्ये इंग्लंडचे संसदभवन उडवून देण्याच्या कटात पकडल्या गेलेल्या माणसाचे, रूप द्यावे ही कल्पना लॉइडची. त्याने आणखी दोन गोष्टी सुचवल्या : चित्रांत ध्वनिशब्द नकोत आणि पात्रांच्या मनातले विचार सांगणारे ढगाच्या आकाराचे विचारफुगेही नकोत. ध्वनिशब्द गेल्याचे लेखकाला फारसे काही वाटले नाही. विचारफुग्यांविना मात्र पात्रांच्या मनातील बारकावे पोहोचवायचे कसे, याची त्याला धास्ती वाटली. तरीही त्याने ती अट मानली. मनातला मजकूर मग चेहऱ्यांतून, बोलता बोलता सोडलेल्या जागांतून आणि एका प्रसंगाचे शब्द दुसऱ्या प्रसंगाच्या चित्रावर ठेवण्याच्या रीतीतून वाचकापर्यंत पोहोचू लागला.

हा सल्ला वरून खाली आलेला नव्हता, शेजारच्या बाकावरून आलेला होता. आपण ‘मोठ्या लेखकाला भेटायचे’ असे म्हणतो तेव्हा ज्या चित्रकाराबरोबर प्रत्यक्ष काम करणार त्याला काही विचारायचे राहूनच जाते. चित्रकथेचा पहिला वाचक तोच असतो.

मराठी फुग्याचे व्याकरण

आता या सल्ल्यांचा मराठीशी काय संबंध, ते पाहू. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला या घटकातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

ॲलन मूर नवोदितांना एक जुना नियम सांगत असे. तो त्याने मॉर्ट वाइझिंगर या अमेरिकी संपादकाच्या नावे सांगितला आहे. पानावर सहा चौकटी असतील तर एका चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१० शब्द, आणि एका फुग्यात फार तर २५. इंग्रजीसाठी हा नियम चोख आहे. मराठीत तो जसाच्या तसा लावला तर फसगत होते, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. त्याचा आशय सांगायला इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात. पंचवीस मराठी शब्दांचा फुगा त्यामुळे चित्र झाकून टाकील. त्याशिवाय देवनागरी लिपीत मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतात. दोन ओळींमध्ये अंतर अधिक सोडावे लागते आणि ओळी कमी बसतात. मराठीत शब्दांऐवजी अक्षरे मोजावीत आणि एका फुग्यात साठेक अक्षरांशी थांबावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. हा शास्त्रीय नियम नव्हे, हाताचा अंदाज आहे.

इंग्रजी चित्रकथांत जोर द्यायचा शब्द ठळक अक्षरांत छापण्याची प्रथा आहे. मराठीला त्याची फारशी गरज पडत नाही. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’, ‘की’, ‘म्हणे’ या अव्ययांनी आपण जोर, शंका, ऐकीव बातमी, लाडीगोडी असे सारे काही दाखवतो. ‘तो आला’, ‘तोच आला’, ‘तोही आला’, ‘तो आला की’, ‘तो आला म्हणे’ यांतील प्रत्येक वाक्यासाठी चित्रकाराला वेगळा चेहरा काढावा लागेल.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. खलनायक पहिल्या फुग्यात म्हणतो, ‘मी तुला इथून जिवंत सोडणार…’ आणि नायकाच्या चेहऱ्यावर सुटकेची छटा उमटते. पुढच्या चौकटीतल्या फुग्यात एकच शब्द : ‘…नाही.’ ही कलाटणी मराठीच्या वाक्यरचनेने फुकट दिलेली आहे. भाषांतरित चित्रकथांवर पोसलेला लेखक तिचा उपयोग करायला सहसा विसरतो.

संबोधनाचेही तसेच. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतील बदल हा मराठीत स्वतंत्र प्रसंग असतो. कारकून तीन पाने साहेबांना ‘तुम्ही’ म्हणत आला आणि चौथ्या पानावर ‘तू’ म्हणाला, तर निवेदनपट्टीत ‘त्याचा संयम सुटला’ असे लिहिण्याचे कारण उरत नाही.

काही ठिकाणी भाषा अडवतेही. समजा, तुमचे पात्र मुखवट्याआडून बोलते आहे आणि ते पुरुष की स्त्री हे वाचकाला कळू द्यायचे नाही. इंग्रजीत ही अडचणच नाही. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी येते’ म्हणताच गुपित फुटते. मग काय करावे? व्याकरणाच्या पुस्तकात शिकलेला कर्मणी प्रयोग येथे उपयोगी पडतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, कर्त्याप्रमाणे नाही : ‘मी पत्र वाचलं’. भविष्यकाळातील ‘मी येईन’, ‘मी येणार’ हेही सुरक्षित. ‘म्हणणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’ ही क्रियापदे मात्र टाळावीत, कारण ‘मी विसरलो’ आणि ‘मी विसरले’ यांत भेद उघड होतो. परीक्षेपुरता पाठ केलेला प्रयोगविचार रहस्यकथेत असा कामाला येतो.

ध्वनिशब्दांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. ‘-कन’, ‘-दिशी’ लागले की ध्वनी एकदाच आणि अचानक होतो : ‘टपकन’, ‘धाडकन’, ‘चटदिशी’. द्विरुक्ती झाली की तो चालू राहतो : ‘टपटप’, ‘धाडधाड’, ‘रिपरिप’. चौकट हा एक गोठलेला क्षण असतो, त्यामुळे या दोहोंतील निवड म्हणजे त्या क्षणाची लांबी ठरवणे होय. लॉइडने ध्वनिशब्द नाकारले ते त्याच्या कथेच्या प्रकृतीसाठी. आपण ते नाकारण्यापूर्वी आपल्याजवळ काय आहे हे पाहून घ्यावे.

आता एक लहानसे उदाहरण घेऊ. चौकटीचे वर्णन असे : संध्याकाळ, घराचे दार उघडे, ओलीचिंब झालेली वीस वर्षांची मुलगी उंबऱ्याशी उभी, आत आई. नवोदिताने लिहिलेला फुगा : ‘आई, मी पावसात खूप भिजून आले आहे, कारण मी माझी छत्री बसमध्ये विसरले.’ पाऊस चित्रात आहे, भिजणे चित्रात आहे, आई चित्रात आहे. उरते ती छत्री. सुधारलेला फुगा : ‘छत्री बसमध्येच राहिली गं.’ ‘च’मध्ये चुटपूट आली, ‘गं’मध्ये समोर आई आहे हे आले, आणि ‘विसरले’च्या जागी ‘राहिली’ म्हणून मुलीने दोष हळूच छत्रीवर ढकलला. मुलीचा स्वभाव कळला. असे चार फुगे दुरुस्त करून घेण्यासाठी जाणत्याची अर्ध्या तासाची भेट पुरते. ‘माझी कथा कशी वाटली?’ या प्रश्नाला मात्र दोन तासही अपुरे पडतात.

नोकरी, मानधन आणि करार

ॲलन मूरने नोकरी सोडली ही गोष्ट ऐकून काही जण उत्साहित होतात. ती गोष्ट पुष्कळदा अर्धीच सांगितली जाते. नोकरी सोडल्यावर त्याचे कुटुंब सरकारी बेकारभत्त्यावर जगत होते. साप्ताहिकाचे ३५ आणि वर्तमानपत्राचे १० असे ४५ पौंड दर आठवड्याला नियमित मिळू लागले तेव्हाच त्याने तो भत्ता बंद केला. मांजराची ती चित्रपट्टी तो १९८६ पर्यंत काढत राहिला, म्हणजे ‘वॉचमेन’ प्रसिद्ध होऊ लागली त्या वर्षापर्यंत. आपल्याकडे असा भत्ता नाही. म्हणून संसार असलेल्या विद्यार्थ्याने नोकरी ठेवूनच उमेदवारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चार पानांची कथा रविवारी लिहिता येते.

करार हा विषय तर भेटीत कोणी काढतच नाही, संकोच वाटतो. ‘वॉचमेन’च्या करारात असे कलम होते की पुस्तकाची छपाई थांबली की काही काळाने हक्क लेखक-चित्रकारांकडे परत यावेत. पुस्तक इतके गाजले की ते कायम बाजारात राहिले आणि हक्क परत येण्याची वेळच आली नाही. या आणि अशाच मतभेदांतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस ॲलन मूर त्या प्रकाशनसंस्थेपासून दूर झाला. भारतात १९५७चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचे हक्क द्यायचे झाल्यास तसा लेखी दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ज्येष्ठ लेखक भेटलेच तर ‘पहिला करार करताना तुम्ही कोणते कलम वाचले नव्हते?’ असे जरूर विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ते मनापासून देतील.

भेट न होताही

सर्वांनाच भेट घडत नाही, आणि दूरशिक्षण घेणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. १९८० मध्ये अनंत पै यांनी ‘टिंकल’ सुरू केले. त्यात वाचकांनी पाठवलेल्या कथा निवडून, पाठवणाऱ्याच्या नावासह चित्रित केल्या जात. ‘टिंकल’मधील सर्वांत लोकप्रिय पात्रांपैकी एक म्हणजे सुप्पंडी. तेही तमिळनाडूतील एका वाचकाने पाठवलेल्या कथांतून आले. राम वाईरकर यांनी त्याला चेहरा दिला. पाठवणारा कार्यालयात गेला नव्हता, त्याचे पाकीट गेले होते.

पत्राने सल्ला मागायचा असेल तर पत्र एका पानाचे असावे. सोबत चार पानांची पूर्ण झालेली संहिता जोडावी, कादंबरीएवढा आराखडा जोडू नये. स्तुती दोन ओळींत आटोपावी आणि ज्या कृतीची स्तुती करतो तिच्यातील नेमकी चौकट सांगावी, म्हणजे आपण खरोखर वाचले आहे हे कळते. प्रश्न एकच विचारावा, आणि तो कागदावरच्या मजकुराविषयी असावा : ‘तिसऱ्या पानावर वेग मंदावतो असे मला वाटते, तेथे कोणती चौकट काढावी?’ उत्तर येईलच असे नाही. पंधरा दिवसांत पुन्हा आठवण करून देऊ नये, तेवढ्यात पुढची कथा लिहावी.

ॲलन मूर पुढे स्वतः ज्येष्ठ झाला तेव्हा त्यालाही असेच प्रश्न येऊ लागले. १९८५-८६ मध्ये त्याने ‘फॅन्टसी ॲडव्हर्टायझर’ या चाहत्यांच्या नियतकालिकात चित्रकथालेखनावर लेखमाला लिहिली. ती २००३ मध्ये पुस्तिकारूपाने निघाली, तेव्हा त्याने शेवटी एक नवे प्रकरण जोडले आणि त्यात स्वतःच्याच जुन्या उपदेशाची उलटतपासणी केली. एकदा आपली शैली हाती लागली की ती सोडून द्यावी, असे त्याचे तेथे म्हणणे आहे. ही पुस्तिका इंग्रजीत आहे. ती मिळाली तर आधी मुख्य भाग वाचून एक कथा लिहा आणि शेवटचे प्रकरण त्यानंतर उघडा.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या गावच्या एसटी स्थानकावर घडणारा एक प्रसंग निवडा आणि त्याची चार पानांची संहिता लिहा. प्रत्येक पानावर सहापेक्षा जास्त चौकटी नसाव्यात. विचारफुगे वापरू नका. संहिता पूर्ण झाल्यावर प्रत्येक फुग्यातील अक्षरे मोजा. मग चित्रात दिसणारी जी गोष्ट संवादातही आली असेल तिच्याखाली रेघ मारा आणि तो मजकूर काढून टाकून संवाद पुन्हा लिहा. दोन्ही खर्डे संपर्कसत्राला सोबत आणावेत, पहिला फाडू नये.